मैथिलीची उलटी

"ओकतेयस की गुळण्या करतेयस?"

कुमुदताईंचा आवाज हेडफोनच्या उजव्या कानातच जास्त यायचा. डावा कान जरा मेलेला होता. त्यामुळे अपमान नेहमी एकाच बाजूने झाल्यासारखा वाटे. मी तोंडातलं कोमट पाणी ग्लासात सोडलं आणि ओठ पुसले.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर मैथिली उलटी चालत मागे गेली, मांडवाच्या दारापर्यंत. तिथून पुन्हा झोकांड्या खात पुढे आली, विश्वाच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर भडाभडा ओकली. मी पाण्याचा घोट घशाशी धरून जमेल तेवढं केलं.

"अगं बाई गं. तिनं अर्धी बाटली रिचवलीय, ज्याच्यावर जीव टाकलाय त्याचा साखरपुडा चाललाय, आणि तू चूळ भरतेस! पोटातून येऊ दे. बेंबीच्या देठापासून."

पोटातून येऊ नये म्हणून सकाळपासून माझी सगळी ताकद खर्ची पडत होती, हे त्यांना सांगण्याची सोय नव्हती.

सिनेमा तेलुगू होता, एका चॅनलवर मराठीत दाखवायचा होता. नेहमीच्याच जातीचा. पाच मिनिटं गुलाबाच्या पाकळ्या, मग कुणीतरी शेणात पडणार. दोघांचे ओठ जवळ आले की कुणाचं तरी पोट बिघडणार. गोड आणि घाण एकाच ताटात वाढलेलं, आणि लोक दोन्ही चाटूनपुसून खाणार. त्यातली नायिका मैथिली, आणि तिचा मराठी आवाज मी. डबिंगमध्ये मूळ नटीचा आवाज काढून टाकला की तिच्या बोलण्याबरोबर तिच्या उचक्या, शिंका, हुंदकेही जातात. ते सगळं पुन्हा भरावं लागतं. आमच्या भाषेत त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात.

चौथा दिवस होता, शेवटचा. शेवटची वीस मिनिटं उरली होती. ती पार पडली की मैथिलीचं काम करणारी नटी मी कायमची पटकावणार होते, कारण चॅनलनं तिचे आणखी पाच सिनेमे घेऊन ठेवले होते आणि प्रेक्षकाला एका चेहऱ्याला एकच आवाज लागतो. तीन वर्षं मी गर्दीतल्या बायका, नर्सा, नायिकेच्या मैत्रिणी आणि एकदा तर मेंढी केली होती. नायिका पहिल्यांदाच मिळाली होती.

आणि मला नववा आठवडा चालू होता.

हे माझ्या नवऱ्याला, महेशला, माहीत होतं आणि डॉक्टरीणबाईंना. कुमुदताईंना कळता कामा नये होतं. माझ्या आधी ज्योत्स्ना नावाची मुलगी त्यांच्याकडे होती. तिला पाचवा महिना लागला तेव्हा अर्धा सिनेमा झालेला असताना त्यांनी तिला घरी पाठवलं आणि सगळं दुसरीकडून नव्यानं करून घेतलं. तेव्हाचं त्यांचं वाक्य स्टुडिओत सगळ्यांना पाठ होतं: "पोटुशी बाई श्वास खाते, आणि मला श्वास ऐकू येतो."

म्हणून माझ्या ओढणीच्या टोकाला लिंबाची फोड बांधलेली होती. गालात आल्याचा तुकडा. पहिल्या दिवशी मी अ‍ॅसिडिटी आहे म्हणाले, दुसऱ्या दिवशी बाहेरचं खाल्लं म्हणाले, तिसऱ्या दिवशी काही म्हणायची वेळच येऊ दिली नाही.

"ताई, उलटी शेवटी घेऊ या का?" मी विचारलं. "घसा सोलवटला तर बाकीच्या लाइनी बसणार नाहीत."

काचेपलीकडे त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. साठीच्या आसपासची बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, कानात एकेक मोती. त्यांच्या शेजारी रेकॉर्डिस्ट ऑल्विनदादा, वसईचा, मान खाली घालून बसलेला. तो सहसा बोलत नसे. बोलण्याचं काम ताईंनी एकटीनं उचललं होतं.

"घे. तू म्हणशील तसं. आता आर्टिस्टनं डायरेक्टरला शिकवायचं एवढंच राहिलं होतं."

त्यांनी बटण सोडलं आणि माझ्या कानात शुकशुकाट झाला. त्यांनी बटण दाबलं तरच मला ऐकू यायचं. सोडलं की काचेपलीकडचं जग मुकं व्हायचं, आणि त्या काळोख्या खोलीत मी एकटी उरायचे.

जेवणाच्या सुट्टीत ऑल्विनदादानं डबा उघडला. सुक्या बोंबलाचं कालवण. झाकण पुरतं उघडलंही नव्हतं आणि मी दरवाज्याबाहेर होते. जिन्यात उभी राहून लिंबाची फोड नाकाशी धरली. दहा मिनिटांनी आत आले तर ताई माझ्याकडे बघत होत्या.

"मासे चालत नाहीत वाटतं आता? गेल्या महिन्यात तर याच्या डब्यातले हातानं उचलून खात होतीस."

"गुरुवार आहे ना."

"आज बुधवार आहे."

ऑल्विनदादानं डबा बंद केला आणि तो पॅसेजमध्ये जेवायला गेला.

"चहाही सोडलास," ताई म्हणाल्या.

"आवाजासाठी. चहानं घसा कोरडा पडतो, तुम्हीच म्हणता."

"मी तीस वर्षं म्हणतेय. एकीनं ऐकलं नाही. तूच पहिली."

त्या हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पेन्सिलीनं स्क्रिप्टवर एक रेघ ओढली.

दुपारी किरकोळ गोष्टी उरकून घेतल्या. मैथिलीची उचकी. मैथिलीचं झोपेतलं घोरणं. तिचं हसता हसता नाकातून सरबत बाहेर येणं, ते तीनदा. मग चुंबन. चुंबन करताना आम्ही आपल्याच मनगटाची आतली बाजू ओठांशी धरतो. समोर पडद्यावर दोन सुंदर माणसं डोळे मिटून उभी असतात आणि अंधारात एक बाई स्वतःचा हात चोखत असते.

"पोस्टाचं तिकीट चिकटवतेयस का?" ताई म्हणाल्या. "प्रेम आहे तिचं. जरा थांब त्याच्यावर."

मी पुन्हा केलं.

"आता आंबा खातेयस."

"मग कसं करू?"

"ते मी सांगायचं? लग्न झालंय ना तुझं?"

रागानं माझे कान तापले. मी डोळे मिटले आणि मनगट पुन्हा ओठांशी नेलं. महेशचा चेहरा आठवायला गेले तर तो आला नाही. दुसरंच काहीतरी आलं. सोनोग्राफीच्या पडद्यावरचा राजम्याच्या दाण्याएवढा ठिपका, मधोमध काहीतरी लुकलुकणारा. मी मनगटाची पापी घेतली. हळूच, कुणाला उठवायचं नसल्यासारखी.

मग ताई कोरडेपणानं म्हणाल्या, "हं. ठेव हे, ऑल्विन."

चार वाजता ती लाइन आली.

त्या लाइनीची सगळ्यांनाच धास्ती होती. मांडवात दारू पिऊन आलेली मैथिली विश्वाला मनातलं सांगते. मूळ नटीनं ते एका दमात, कुठंही न थांबता म्हटलं होतं. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे आम्हालाही श्वास घ्यायला जागा नव्हती. आणि शेवटच्या शब्दाला लागून उलटी. सकाळपासून आम्ही उलटी वेगळी करून बघत होतो, कारण दोन्ही एकत्र जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

पहिला टेक मी अर्ध्यात सोडला. दुसऱ्यात लाइनीतल्या म्हशीपाशी श्वास तुटला. तिसऱ्यातही म्हशीपाशीच.

"काय गं, म्हैस आडवी येते का तुला?"

"एक मिनिट द्या ताई."

"दिलं."

बटण सुटलं. शुकशुकाट. मी पाठ काचेकडे केली, एक हात कुर्त्याखाली पोटावर ठेवला. आतून काहीतरी वर चढत होतं, आंबट, गरम. आल्याचा तुकडा कधीच विरघळला होता.

"थांब गं राणी," मी पुटपुटले. "एवढी एक ओळ होऊ दे. एवढीच. मग दोघी मिळून ओकू. तुझ्या आजीशपथ."

मी वळले. ताई दोन्ही हात टेबलावर ठेवून बसल्या होत्या. ऑल्विनदादा बटणांकडे बघत होता.

मग कानात ताईंचा आवाज आला. खालच्या पट्टीत.

"लाइन आणि उलटी, दोन्ही सलग. एकदाच घेऊ. नाही जमलं तर पॅकअप."

"शेवटचा टेक?"

"तुझा शेवटचा."

ऑल्विनदादा आत आला, माझ्या पायाशी एक निळी बादली ठेवली आणि निघून गेला. मला वाटलं, पाण्याचा घोट थुंकायला ठेवली असेल.

पडद्यावर मैथिली मांडवाच्या दारातून आत आली. कानात इशाऱ्याचे तीन ठोके वाजले. मी सुरू केलं.

"विश्वा, तू मला आवडतोस, तू मचमच आवाज करत जेवतोस तरी आवडतोस, तुझ्या मोज्यांना मेलेल्या उंदराचा वास येतो तरी आवडतोस, झोपेत तू माझं नाव घ्यायचं सोडून तुमच्या म्हशीचं नाव घेतोस तरी आवडतोस, मला तुझं घाणेरडं हसू आवडतं, तुझी ढेकर आवडते, आणि आता जर का तू त्या डॉक्टरणीच्या बोटात ती अंगठी घातलीस ना तर मी इथेच, या इथेच..."

म्हैस गेली. ढेकर गेली. छातीत आग पडली होती, डोळ्यांपुढे काजवे. अंगठी गेली. "इथेच" ओठांतून सुटलं आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या बाईबरोबर, तिच्या तोंडाच्या हालचालीला हालचाल जुळवून, मीही बादलीत ओकले. खरीखुरी. सकाळची पेज, आलं, सगळं. तिचं थांबलं तरी माझं चालूच राहिलं.

डोकं वर केलं तेव्हा नाकातून पाणी गळत होतं आणि मी हसत होते. जमलं होतं. एका श्वासात. मी काचेकडे अंगठा दाखवला.

"ओके," ताई म्हणाल्या. "बाहेर ये."

बाहेर त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"कितवा?"

मी ओढणीनं तोंड पुसत होते. "काय कितवा?"

"मंजिरी, मूर्ख समजू नकोस. बटण मी सोडलं की तुला आमचं ऐकू येत नाही. आम्हाला तुझं येतं. माईक कधी बंद नसतो. तीन वर्षं या धंद्यात आहेस आणि एवढं विसरलीस?"

मी ऑल्विनदादाकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता.

"नववा आठवडा," मी म्हणाले.

"आणि चार दिवस मला अ‍ॅसिडिटी सांगतेस. गुरुवार सांगतेस."

"सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी काढलं असतंत."

"हो. काढलं असतं."

"ताई, लाइन झाली ना एका श्वासात? तुम्हीच ओके म्हणालात."

"उलटीला म्हणाले. लाइन मी त्या नव्या मुलीकडून, गार्गीकडून घेईन. सगळ्याच लाइनी. उद्यापासून."

"का? कुठं कमी पडलं ते सांगा."

"आज नाही पडलं. पुढच्या पाच सिनेमांत पडेल. दिवाळीत एक, संक्रांतीला एक. तेव्हा तू कितव्यात असशील? बोटं मोज. दोन वाक्यांत एकदा धाप लागेल. मैथिली वीस वर्षांची आहे, तिला धाप लागत नाही."

"पोट आवाजात दिसतं?"

"मला दिसतं."

"तुम्हाला मुलं नाहीत का हो?" मी म्हणाले. मला टोचायचं होतं, दुसरं काही नाही.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलगा आहे. सिझेरियनच्या अकराव्या दिवशी मी माईकसमोर उभी होते. टाके ओले होते. खाली पदराचा घट्ट पट्टा बांधला होता आणि एका राणीचं भाषण करत होते. मला कुणी घरी जा म्हणालं नाही. कुणी विचारलंच नाही."

"मग तुम्हाला तर कळायला हवं होतं."

"कळलं म्हणूनच जा म्हणतेय."

"हे कळणं असतं होय? असलं कळणं तुमचं तुम्हालाच लखलाभ."

ऑल्विनदादा पहिल्यांदाच बोलला. "ताई, निदान ही लाइन तरी राहू द्या तिची. चांगली झालीय."

"तू बटणं सांभाळ. निम्मा सिनेमा एका आवाजात आणि निम्मा दुसऱ्या आवाजात दाखवू का?"

मी पर्स उचलली. "मग माझं सगळंच काढून टाका. एक अक्षर ठेवू नका. उलटीसुद्धा."

"उलटी राहील."

"ती माझी आहे."

"स्टुडिओत पडलेलं स्टुडिओचं," ताई म्हणाल्या. "आणि जाताना ती बादली धुऊन ठेव."

मी दारापर्यंत गेले. बादली आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर होती, वासासकट. मी तिच्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि ती तशीच ठेवून जिना उतरले. त्या दिवशी माझ्या हाती एवढंच लागलं. रस्त्यावर येईपर्यंत मला फार भारी वाटत होतं. मग मी बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडले.

त्यानंतर मी किती बादल्या धुतल्या, हे ताईंना कुणीतरी सांगायला हवं. जुई झाली. तिला दूध पचायचं नाही. माझ्या खांद्यावर ओकायची, महेशच्या ऑफिसच्या शर्टावर ओकायची, बारशाला तर आत्याबाईंच्या पैठणीवर. मला कधी किळस आली नाही. मी आता घरूनच गोष्टी वाचते, मुलांच्या एका अ‍ॅपसाठी, कपाटात गोधड्या टांगून, जुई झोपलेली असते तेवढ्या वेळात. माझ्या माईकमध्ये तिचा खोकला येतो, तिचं "आई, शी झाली" येतं. मी ते कापते आणि पुढे वाचते.

तो सिनेमा मी पाहिला नाही. चॅनलवर वर्षातून चारदा लागायचा, मी चारदा बदलायचे. गार्गीनं पाचही सिनेमे केले असं ऐकलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी वरणभात कालवत होते. साडेचार वर्षांच्या जुईनं रिमोट पळवला होता. आणि मागून आवाज आला.

"विश्वा, तू मला आवडतोस, तू मचमच आवाज करत जेवतोस तरी आवडतोस..."

गार्गी होती. स्वच्छ, गोड आवाज. म्हशीपाशी तिनं श्वास घेतला होता आणि तो कुणीतरी फार सफाईनं कापला होता. मला तेवढं ऐकू येतं. मी ताट हातात घेऊन उभी राहिले. अंगठी आली. "या इथेच" आलं.

आणि मग मी आले.

बेंबीच्या देठापासून. पेज, आलं, सगळं. शेवटी एक बारीकसा हुंदका आहे, तो मैथिलीच्या ओठांवर बसत नाही, तिचं तोंड तेव्हा मिटलेलं आहे. तोही ठेवला होता.

जुई सोफ्यावरून खाली घसरली. पोट धरून लोळत हसत होती. "आई! ही बाई बघ कशी ओकते! त्याच्या ड्रेसवर!"

मी तिच्याजवळ खाली बसले. त्यानंतरचा उरलेला सिनेमा आम्ही दोघींनी पाहिला. बोलणं सगळं गार्गीचं होतं. पण मैथिलीला उचकी लागली की ती माझी होती. झोपेतलं घोरणं माझं. नाकातून सरबत माझं. शेवटी विश्वानं तिचा चेहरा हातात धरला, आणि ती पापी, हळूच घेतलेली, कुणाला उठवायचं नसल्यासारखी, तीही माझीच होती. जुई तेव्हा तोंडात बोट घालून अगदी गप्प होती.

पाट्या सुरू झाल्या. नावं भराभर वर गेली. आवाज म्हणून गार्गीचं नाव होतं. माझं शोधायला मी थांबले नाही, जुईनं हात ओढला.

"आई, तू काढ ना तसा आवाज. त्या बाईसारखा ओकायचा."

"जेवताना?"

"एकदाच!"

मी पाण्याचा घोट घशाशी धरला आणि केलं. पूर्वीचं सगळं कसब लावून केलं.

जुईनं मान वाकडी करून ऐकलं. "हॅ! तू नुसत्या गुळण्या करतेयस. पुन्हा."

मी पुन्हा केलं.

"नाही जमत तुला," ती म्हणाली. "ती बाई किती छान ओकते."

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले. "तिच्या मदतीला कुणीतरी होतं."

"कोण?"

मी घास तिच्या तोंडाशी नेला. "आ कर."